मांडवाला नेलेले दगड

हिवरखेडीच्या माणसाला समुद्र पाहायचा असेल तर आधी सुलतानपूरच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत बसावं लागतं आणि तिथून पुढं निम्मा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. गावातल्या फार थोड्यांनी तो पाहिला होता. पण म्हणून काही अडलं नाही. ऐन मे महिन्यात, विहिरींचे तळ दिसत असताना, शाळेमागच्या मैदानात 'किनारपट्टीवरील चक्रीवादळ आणि वाऱ्याच्या नुकसानीचे मूल्यमापन' या विषयाची कार्यशाळा भरली. कुठल्याशा संस्थेला आपत्तीच्या जागृतीसाठी अनुदान मिळालं होतं आणि मुदत संपायच्या आत ते खर्ची घालायचं होतं. आपत्ती कोणती, ते विचारायला कुणाला सवड नव्हती.

मैदानाला लागूनच पंचशील नगर. नगर म्हणजे बौद्ध समाजाची टिनांची घरं, एक विहार आणि एक हातपंप. त्यातलं मैदानाकडचं पहिलं घर बेबीताईचं. तिच्या दारातून मांडव सरळ दिसायचा, त्यामुळं त्या कार्यशाळेची सगळी शोभा तिला घरबसल्या पाहायला मिळाली. मांडवाच्या तोंडाशी एवढा मोठा फ्लेक्स लावला होता की मागची शाळा झाकून गेली. फ्लेक्सवर उसळत्या लाटा, वाकलेले माड, आणि लाटांच्या मधोमध हात जोडलेले भालचंद्रराव.

हे भालचंद्रराव देऊळगाव राजाचे. बांधकाम खात्यात अख्खी नोकरी त्यांनी मोऱ्या आणि खड्डे बुजवण्यात घालवली. निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना कोकणात चक्रीवादळ झालं, पंचनाम्याला तिकडं माणसं कमी पडली, आणि इकडून गेलेल्या पथकात यांची वर्णी लागली. दोन आठवडे त्यांनी पडलेले माड मोजले. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो की बालाजीच्या देवळाची पायरी असो, 'आम्ही कोकणात असताना' एवढं बोलल्याशिवाय त्यांना घास गिळवत नव्हता. नावाखाली त्यांनी 'वादळतज्ज्ञ' असं छापून घेतलं. तिकडून ते बोलणंही बदलून आले. ज्यांचा जन्म 'काऊन' आणि 'कुठी' म्हणण्यात गेला, ते आता 'अहो, असं पाहा' अशी सुरुवात करू लागले. देऊळगावची माणसं त्यांच्यासमोर माना डोलवत आणि ते वळले की हसत.

मांडव घालताना सकाळी एक पंचाईत झाली. मैदान मुरमाड, लोखंडी खुंट्या चार बोटांच्या वर आत जाईनात. नुसत्या सकाळच्या झुळकीनं कापड फुगायला लागलं. संस्थेचा संयोजक शंतनु हा जाकीट घातलेला तरतरीत माणूस. त्यानं कमरेवर हात ठेवून चहूकडं पाहिलं, आणि त्याची नजर पंचशील नगरच्या छपरांवर गेली. आमच्या भागात टिनाला खिळे मारत नाहीत. खिळा मारला की भोक पडतं, भोक पडलं की गळतं. टिनं नुसती ठेवायची आणि वर दगड मांडायचे, ही रीत. नाल्यातले काळे गोटे, फुटका पाटा, तुटलं जातं, जे जड असेल ते छपरावर चढतं. शंतनुला ते सगळं आयतंच दिसलं.

"मावशी, मांडवाच्या दोऱ्यांना बांधायला जरा दगड देता का? संध्याकाळी जिथले तिथं आणून ठेवतो," तो बेबीताईच्या दारात येऊन म्हणाला.

बेबीताईनं त्याच्याकडं पाहिलं, मग शाळेच्या पलीकडच्या गावठाणातल्या घरांकडं पाहिलं. तीही टिनाचीच होती, तेवढ्याच अंतरावर होती, आणि दगड तिथंही होते. "तिकडल्या दगडाइले काय काटे हायेत काय?" तिनं विचारलं.

शंतनु नुसता हसला. तिला ते हसणं मुळीच आवडलं नाही. पण तिचा नवरा कचरू भला माणूस. समोरच्यानं मावशी म्हटलं की याच्या डोळ्यांत पाणी. "देऊन टाक नं अवं, चांगला कार्यक्रम हाये," असं म्हणत तो स्वतःच छपरावर चढला आणि एकेक दगड खाली देऊ लागला. बेबीताईच्या सासूच्या जात्याची खालची अर्धी तळीसुद्धा गेली. एका घरानं दिले म्हणून दुसऱ्यानं दिले. दुपारपर्यंत पंचशील नगरची छपरं बोडकी झाली आणि मांडवाच्या प्रत्येक दोरीला एक दगड लटकला.

मग भालचंद्ररावांचं व्याख्यान झालं. बेबीताई पोहे मिळणार म्हणून मागं बसली होती, आणि पोहे यायला उशीर झाला म्हणून तिला सगळं ऐकावं लागलं. पडद्यावर होड्या आल्या, माड आले, सुपारीच्या बागा आल्या. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या बांधावर माड नव्हता आणि कुणाच्या अंगणात होडी नव्हती, पण भालचंद्ररावांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

"नवशिका माणूस पडलेल्या घराकडे बघतो," ते बोट उभारून म्हणाले. "पडायला काय, कारणं हजार असतात. तज्ज्ञ माणूस काय उभं राहिलं ते बघतो. वाऱ्याचा खरा साक्षीदार उभा असतो, आडवा नाही. एवढं एक वाक्य लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. पोहे आले तेव्हा ते गार झाले होते.

संध्याकाळी बेबीताई दगड मागायला गेली तर शंतनु घड्याळ पाहत म्हणाला, "मावशी, प्रमाणपत्रांचा कार्यक्रम अजून व्हायचाय. मांडव राहू द्यावा लागेल. उद्या नक्की." ती परत फिरली ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतच. दिवस बुडायच्या आत पश्चिमेकडून आभाळ पिवळं झालं आणि वारा सुटला.

तो फार वेळ टिकला नाही, पण जेवढा होता तेवढा पुरला. पहिल्याच झपाट्याला शेजारच्या तानुबाईच्या घरावरची टिनं पत्त्यांसारखी उडाली. मग ओळीनं सगळी घरं. बेबीताईचं टिन एका कडेनं उचललं गेलं तसा कचरू धावला आणि त्यानं ती कड दोन्ही हातांनी धरली. वाऱ्यानं टिन ओढलं आणि त्याचे दोन्ही तळहात आडवे कापून निघून गेलं. बेबीताई ओरडत त्याच्याकडं धावली तेव्हा तो नुसता हातांकडं पाहत उभा होता. समोर मांडव धडधडत होता, फुगत होता, दोऱ्यांवर नाचत होता, पण जागचा हलला नाही. तिच्या सासूची तळी त्याची कोपऱ्याची दोरी धरून ठाण मांडून बसली होती. त्या क्षणी बेबीताईला जो संताप आला तसा तिला जन्मात कधी आला नव्हता.

टिनं सापडली ती वावरात, बाभळीवर, नाल्यात, चुरगाळलेली. गावठाणात दोन-चार गोठ्यांखेरीज कुणाचं काही गेलं नाही. कचरूच्या हातांना मेहकरला टाके घालून आणले. आता तो निंबाखाली बाजेवर पडलेला असायचा, आणि बेबीताई त्याला घास भरवायची. दिवसभर ऊन घरात थेट चुलीपर्यंत यायचं. पावसाळा तोंडावर आला होता. वाऱ्यानं घर गेलं असं पंचनाम्यात लागलं तर सरकारातून टिनं मिळणार होती. नाही लागलं तर कचरूच्या त्या हातांनी पुन्हा घर उभं राहायला दिवाळी उजाडली असती, आणि मधला अख्खा पावसाळा उघड्यावर काढावा लागला असता. बेबीताईला दुसरं काही नको होतं. जे झालं ते झालं म्हणून कुणीतरी लिहावं, एवढंच हवं होतं.

पंचनाम्याला कोण आलं? दुसरं कोण येणार! तालुक्याला कुणीतरी सुचवलं की वाऱ्याच्या नुकसानीचा तज्ज्ञ शेजारीच आहे, त्याचा अभिप्राय घ्या. भालचंद्रराव गोल टोपी घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून आले. बरोबर तलाठी निवेदिता मॅडम होत्या. त्या नव्याच लागलेल्या, बुलडाण्याच्या, कमी बोलणाऱ्या. मागं शंतनु होताच.

भालचंद्ररावांनी पंचशील नगर रस्त्यावरूनच पाहिलं. आत यायचं म्हणजे टिनांबरोबर ढासळलेल्या विटांवरून यावं लागलं असतं आणि त्यांचे बूट नवे होते. कचरू बाजेवरून उठून बसला, टाके घातलेले हात त्यानं जोडले, पण ते कुणी पाहिले नाहीत. प्रमाणपत्रांचा कार्यक्रम वाऱ्यामुळं लांबला होता, म्हणून मांडव अजून दगडांसकट उभाच होता. भालचंद्रराव सरळ तिकडं गेले. त्याच्या खांबावर त्यांनी मायेनं हात फिरवला, वर पाहिलं, खाली पाहिलं, कॅमेरा डोळ्याला लावला.

"मॅडम, लिहा," ते म्हणाले. "वाऱ्याचा वेग किरकोळ. जिथं कापडाचा मांडव उभा राहतो, तिथं घर पडलं असेल तर दोष वाऱ्याचा नाही, घराचा आहे. बांधकाम निकृष्ट. वादळाचं नुकसान यात मुळीच धरता येणार नाही."

बेबीताई मागोमाग येऊन उभीच होती. "साहेब, मांडवाले आमचे दगड बांधले हायेत. आमच्या छपरावरचे. तुमच्या मानसाइनं नेले, म्हनून तं टिनं उडाली."

"अहो बाई, असं पाहा," भालचंद्रराव लहान मुलाशी बोलावं तसं बोलले. "दगड ठेवून वारा अडत नसतो. यामागं शास्त्र असतं. आम्ही कोकणात असताना कुणी दगडाचं नाव जरी काढलं असतं ना, तर लोक हसले असते."

"म्हंजे दगडाचं काईच काम नाई?"

"शून्य."

"मांडवाचं बी?"

"मांडव व्यवस्थित बांधला आहे म्हणून उभा आहे," त्यांनी शंतनुच्या पाठीवर थाप मारली. "दगडाचा काडीचा संबंध नाही."

निवेदिता मॅडमचं पेन जरा थबकलं. त्यांनी दोरीच्या टोकाकडं पाहिलं, बेबीताईकडं पाहिलं, आणि मग सांगितलं तसं लिहिलं. बेबीताईनं ते पाहिलं. भालचंद्ररावांपेक्षाही त्या मुलीचा तिला जास्त राग आला, कारण हिला कळत होतं.

दुपारी याच मांडवात अभिप्रायाचं वाचन आणि राहिलेली प्रमाणपत्रं असा जोडकार्यक्रम ठरला. एका खर्चात दोन कामं. बेबीताई घरी आली आणि हातपंपावर जमलेल्या बायांना म्हणाली, "ऐकलं काय वं तानुबाई? साहेब म्हनते, मांडवाचा अन् दगडाचा काई संबंध नाई. मंग आपले दगड तठी काऊन ठुयाचे? घेऊन येऊ."

तानुबाई भित्री. "कार्यक्रम चालू असतानी?"

"मंग? नेतानी आपल्याले टाइम इचारला होता काय?"

"भांडन नको करू अवं," निंबाखालून कचरू म्हणाला.

"मी कुठी भांडून राह्यली? मी साहेबाचं ऐकून राह्यली," बेबीताई म्हणाली.

दुपारी मांडव भरला. भालचंद्रराव माइकसमोर उभे राहिले आणि माडापासून सुरुवात केली. ते होड्यांपर्यंत येतात तोच पंचशील नगरच्या बाया ओळीनं आल्या. कुणाशी बोलल्या नाहीत. जिनं तिनं आपापला दगड ओळखला, दोरीची गाठ सोडली, दगड डोक्यावर नाहीतर काखेत घेतला आणि चालायला लागली. आपल्या छपरावरचा दगड ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही. शंतनु खुर्चीवरून ताडकन उठला.

"मावशी, हे काय चाललंय? कार्यक्रम चालू आहे!"

"आमचे दगड नेऊन राह्यलो, भाऊ," बेबीताई मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "साहेबच म्हनले नं सकाळी, मांडवाचा अन् दगडाचा काडीचा संबंध नाई म्हनून. हाव का नाई, साहेब?"

सगळा मांडव भालचंद्ररावांकडं पाहायला लागला. समोर माइक, बाजूला मॅडम, हातात स्वतःचाच अभिप्राय. सकाळचं बोलणं मागं घेणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी हसून हात हलवला. "नेऊ द्या हो शंतनुराव, नेऊ द्या. त्यानं काही फरक पडत नाही. शास्त्र कळत नाही त्यांना, दुसरं काय."

मागच्या बाकांवर गावठाणातली चार माणसं खिदळली. तेव्हा बेबीताई कोपऱ्यातल्या तळीपाशी पोचली होती. तिनं गाठ सोडली, तळी छातीशी धरली, पदरानं तिच्यावरची धूळ पुसली आणि ती मांडवाबाहेर येऊन उभी राहिली. घरी गेली नाही. तिला पुढचं पाहायचं होतं.

मे महिन्यात आमच्या माळावर दुपारी वावटळ उठते. रोज उठते, कधी या बाजूला, कधी त्या. त्यात नवल काही नाही. पोरं तिच्यात चिंध्या सोडतात. त्या दिवशीची शाळेच्या कोपऱ्यावरून आली आणि मांडवात शिरली. कापड एकदा फुगलं. 'उभा राहिलेला साक्षीदार' असं काहीतरी भालचंद्रराव म्हणत होते, तेवढ्यात मुरमातल्या खुंट्या पटापट निघाल्या, खांब एकमेकांवर रेलले, आणि सगळा मांडव एकदा वर जाऊन वक्त्यासकट, प्रमाणपत्रांसकट खाली बसला. वावटळ तशीच पुढं माळावर निघून गेली. बाभळीचं पानही पडलं नाही.

लोक हातापायांवर रांगत बाहेर आले. कुणाला लागलं नव्हतं. भालचंद्रराव सगळ्यांत शेवटी निघाले. टोपी नाही, डोक्यात माती, गळ्यात झालरीचा तुकडा. आणि बाहेर येताच कोकण, शास्त्र, 'असं पाहा' हे सगळं त्यांच्या अंगावरून गळून पडलं आणि आतला देऊळगाव राजा बाहेर आला.

"कोनं काढले बे दगड?" ते ओरडले. "कोनं काढले? एवढुशी वावटळ थे! तिच्यानं मांडव पडते काय? दगड काढल्यावर उडनारच नं! ज्यानं दगड काढले त्याच्याकडून भरून घ्या नुकसान, मी सांगतो. वाऱ्याचा काय दोष याच्यात?"

त्यांचा आवाज मैदानभर फिरला आणि बंद पडला. शंतनु खाली मान घालून जाकीट झटकत राहिला. गावठाणातल्या त्या चौघांचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

बेबीताई तळी छातीशी धरून दोन पावलं पुढं आली. "मॅडम," ती म्हणाली, "साहेब आता बोलले, थे लिहा. मी काई बोलत नाई. साहेबच बोलले. ज्यानं दगड काढले त्यानं भरून द्या." मग तिनं निंबाखालच्या बाजेकडं मान वळवली. "माह्या नवऱ्याचे हात पाहाले कोनी आलं नाई. मांडव पडला तं सगळ्याइले दगड दिसले."

भालचंद्रराव गळ्यातली झालर ओढून काढू लागले. जे म्हणायचं ते त्यांनी आत्ताच सगळ्यांसमोर म्हणून टाकलं होतं.

निवेदिता मॅडमनी केसांतली माती झाडली. पडलेल्या कापडाखालून त्यांनी आपलं पॅड ओढून काढलं, सकाळचा कागद काढला आणि उभा आडवा खोडला. "सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "पंचशील नगरची घरं मी आता पुन्हा पाहते. आतून. कारण म्हणून लिहिते की वारा होता, आणि त्या दिवशी छपरांवरचे दगड संस्थेनं मांडवाला नेले होते. खाली तुमची सही लागेल." भालचंद्ररावांनी सही केली. न करून जातात कुठं? सावलीला म्हणून मांडवाच्या कडेला लावलेली त्यांची गाडी त्याच्याखाली अडकली होती आणि मांडव उचलायला पंचशील नगरचीच माणसं लागणार होती.

मॅडम विटांवरून आत आल्या. निंबाखाली थांबून त्यांनी कचरूला हात दाखवायला सांगितलं आणि बराच वेळ पाहिले. "सकाळीच यायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या. कचरू म्हणाला, "असू द्या मॅडम, उनीत कुठी फिरता." बेबीताईनं कपाळावर हात मारला. या माणसाला राग म्हणून कधी यायचाच नाही.

सरकारची टिनं यायची तेव्हा येतील, तिला घाई किती आणि सरकारला किती हे तिला माहीत होतं. पण सावली आजच हवी होती. मांडवाचं कापड तंबूवाला घेऊन गेला, तो बिचारा गरीब, त्याला कुणी अडवलं नाही. फ्लेक्स मात्र तसाच मैदानात पडला होता आणि तो मागायला ना शंतनु आला ना भालचंद्रराव. बेबीताई आणि तानुबाईनं तो ओढत आणला आणि बेबीताईच्या भिंतींवर ताणला. नेमका घरावर बसला. लाटा चुलीच्या वर आल्या, माड बाजेच्या वर, आणि वादळतज्ज्ञ हात जोडून आभाळाकडं पाहत मधोमध.

बेबीताई शिडीवर चढून दगड मांडू लागली. कडेचे गोटे झाले, फुटका पाटा झाला. शेवटी सासूची तळी उरली. ती तिनं उचलून भालचंद्ररावांच्या तोंडावर धरली.

"तोंडावर नको ठेवू अवं," खालून कचरू कळवळून म्हणाला. "मानूस हाये तो."

"वारा सुटला तं पह्यलं तोंडच उडते याचं," बेबीताई म्हणाली, आणि तळी तिथंच ठेवून खाली उतरली.